सुईत दोरा ओवून देणारी मुलगी

ती तिसरीत होती आणि शेजारणीच्या वहीत बघून लिहायची. रोज. मी फळ्यावर गणितं लिहिली की बाकीची पोरं फळ्याकडे बघायची आणि ही मान वाकडी करून शेजारच्या वहीत. आधी मी नुसतं टोकलं, मग रागावले, मग जागा बदलून भिंतीपाशी एकटीला बसवलं. एकटी बसवल्यावर वही कोरीच. म्हटलं बघा, स्वतःचं काहीच येत नाही पोरीला, सगळं उतरवून काढत होती इतके दिवस. मागे पडलेल्या मुलांची यादी करायची वेळ आली तेव्हा तिचं नाव मी माझ्या हाताने त्या यादीत लिहिलं. ते रजिस्टर अजून शाळेच्या कपाटात आहे.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकायला हवी होती. पुस्तक हातात दिलं की ती घडाघडा वाचायची. पुस्तक नाकापाशी धरून वाचायची, पण अडखळायची नाही. वाचता येतंय, फळ्यावरचं मात्र लिहीत नाही, याचा अर्थ मी 'आळस' असा काढला. दुसरा अर्थ असू शकतो हे डोक्यातच आलं नाही माझ्या.

आमची शाळा बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. त्या वर्षी सप्टेंबरात आरोग्य तपासणीची टीम आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे, त्यात एका गाडीतून डॉक्टर, नर्स, औषधवाले येतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. वजन, उंची, दात, कान, त्वचा, डोळे, सगळंच एका दिवसात बघायचं असतं त्यांना. नर्सताईंनी व्हरांड्यातल्या भिंतीवर इंग्रजी 'ई' चा तक्ता लावला, मुलांना अक्षरं येत नसली तरी चालतं त्याला, ई चं तोंड कुठे आहे, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, एवढं हाताने दाखवायचं. पोरांना तो खेळच वाटला. हिची पाळी आली, एक डोळा तळहाताने झाकला आणि ताईंनी तक्त्यावरच्या अक्षराला पट्टी लावून विचारलं, सांग. ती गप्प. मग म्हणाली, "त्या कागदावर काय लिव्हलंय का?"

अगदी वरचं, सगळ्यात मोठं अक्षर तेवढं तिने थोडं थांबून दाखवलं. दुसऱ्या डोळ्याचंही तेच. ताईंनी कार्डावर लिहिलं 6/60.

हा आकडा मी आधी शेकडो वेळा वाचला असेल, ट्रेनिंगमध्ये, पुस्तकात. 6 मीटरवर उभं राहून तिला जे दिसलं ते चांगल्या नजरेच्या माणसाला 60 मीटरवरून दिसतं, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आमच्या सरांना म्हटलं, तुम्ही तो तक्ता धरून शाळेच्या पायरीवर उभे राहा, आणि मी मोठी मोठी पावलं टाकत निघाले, साठ पावलं मोजली तर मारुतीच्या पाराशी पोचले. तिथून वळून बघितलं. वरचं अक्षर दिसत होतं, जेमतेम, त्याच्या खालची ओळ म्हणजे नुसती करडी रेघ. मी वर्गात रोज फळ्यावर लिहीत होते आणि ती पोरगी एका परीने मारुतीच्या पारावर बसून ते वाचायचा प्रयत्न करत होती. आणि शेजारणीची वही हाच तिचा फळा होता, तोही मी तिच्यापासून काढून घेतला. पारावर मी बराच वेळ बसून राहिले. सरांनी लांबून हाक मारली, मॅडम, धरू का अजून?

पुढे ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथले नेत्र चिकित्सा अधिकारी शांत माणूस, मुलांशी बोलायची हातोटी असलेला. त्यांनी आधी ड्रॉप टाकून बाहेर बसवलं, लहान मुलांच्या डोळ्यातला स्नायू इतका जोरकस असतो की तो ढिला केल्याशिवाय नंबर खरा निघत नाही म्हणाले. दोन्ही डोळ्यांचा मायनस तीनच्या आसपास निघाला. मी विचारलं, सर मायनस तीन म्हणजे नेमकं किती? त्यांनी टेबलावरची फूटपट्टी उचलली, तिच्या नाकासमोर धरली आणि पट्टीच्या टोकापुढे बोटभर जागा दाखवली. एक मीटरला तीनने भागा, 33 सेंटिमीटर. हिचं चष्म्याशिवायचं स्वच्छ जग इथे संपतं, याच्या पुढचं सगळं धुकं. फूटपट्टीच्या आत मात्र ती तुमच्या माझ्यापेक्षा बारीक बघू शकेल.

फूटपट्टीच्या आतलं ते बारीक बघणंच घरी सगळ्यांना चकवत होतं. आईबाप शेतावर होते म्हणून मी आजीला गाठलं. आजी गोधडी शिवत बसलेली. मी सांगितलं, हिला लांबचं दिसत नाही, चष्मा लागलाय. आजीने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अशुभ बोलले. म्हणाली, "काय बोलता म्याडम, माझी नजर गेलीया, रोज हीच तर सुईत दोरा ववून देती मला. एका दमात. तिच्या डोळ्याला काय धाड भरली?"

आणि आजीचं चुकत नव्हतं. सुई नाकाशी धरून दोरा ओवायला मायनस नंबरवाल्याला काहीच अडचण नसते. घरात जी कामं पोरीच्या वाट्याला येतात, तांदूळ निवडणं, सुईत दोरा, भावाच्या डोक्यातल्या उवा, ती सगळी फूटपट्टीच्या आतली. मग घरच्यांना कळणार कसं? आणि पोरीला तरी कसं कळावं? जन्मापासून नाही तरी कळायला लागल्यापासून हळूहळू तेच धूसर बघत आली ती. सगळ्यांना असंच दिसतं, बाकीच्या पोरी हुशार म्हणून त्यांना फळ्यावरचं वाचता येतं, असं तिला वाटायचं. हे तिनेच मला सांगितलं नंतर. "मला वाटलं मला वाचायला येत नाही लांबचं." नीट वाचा ते वाक्य. दिसत नाही असं नव्हतं म्हणत ती. येत नाही म्हणत होती.

त्यामुळे डोळे कसे आहेत हे मुलाला विचारून उपयोग नाही. मुलाकडे बघायला लागतं. आता मी बघते. फळ्याकडे बघताना डोळे किलकिले करतं का, कारण पापण्यांच्या फटीतून बघितलं की थोडं स्पष्ट दिसतं, हा जुगाड पोरं आपोआप शिकतात. डोळ्याचा कोपरा बोटाने ओढतं का. मान एका बाजूला कलती ठेवतं का. टीव्हीला नाक लावून बसतं का. कबड्डीत बरं असतं आणि क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येईपर्यंत हलत नाही, असं आहे का. शेवटचं मला आमच्या सरांनी सांगितलं, खेळाच्या तासाला त्यांनी एक पोरगा असा हेरला होता.

आमच्याकडे डोळ्यांचा कॅम्प म्हटलं की लोकांच्या मनात येतो म्हातारा माणूस आणि मोतीबिंदू. डॉ. तात्याराव लहाने आमच्या मराठवाड्याचे, त्यांचं नाव माहीत नाही असं घर सापडणार नाही, आणि मोतीबिंदूबद्दल लोकांची भीड किती चेपली हे मी डोळ्यांनी बघितलंय, माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा गावातले चारजण मागून आपणहून गेले. पण लहान मुलाचे डोळे? ते तरणेच असणार ना. कॅम्पला पोराला घेऊन जा म्हटलं तर लोक म्हणतात, आताशी कुठं त्याचं वय आहे डोळे जायचं.

चष्मा मोफत मिळाला, पण मिळायला महिना गेला. आणि आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरचा महिना म्हणजे काय ते बीडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ऊसतोडीला जायचं म्हणून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. दसरा झाला की कोयते निघायला लागतात, दिवाळीनंतर तर गावात म्हातारीकोतारी आणि कुत्री तेवढी राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लहान लेकरू असलं की त्याला सांभाळायला मोठी बहीण. ही त्या वर्षी भावाला सांभाळायला चालली होती. ट्रक लागायच्या दोन दिवस आधी चष्मा हातात आला. निळी फ्रेम. मी तिला व्हरांड्यात उभं करून घातला, तर तिने आधी माझ्याकडेच बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाली, मॅडम तुमच्या गालावर तीळ आहे. दोन वर्षं शिकवत होते मी तिला.

मग ट्रकवर बसून गेली ती, भांडी, शेळी, गोधड्या आणि निळा चष्मा घेऊन, कोल्हापूरकडे कुठेतरी.

एप्रिलमध्ये परत आली तेव्हा चष्मा होता, फुटला नव्हता, काडी तारेने बांधलेली, पण दोन्ही काचा पांढुरक्या. घालून बघितला तर धुक्यातून बघितल्यासारखं. मी तिच्या आईला विचारलं तर ती माउली अभिमानाने म्हणाली, "रोज राखेनं घासून ठिवत होते म्याडम, ताटासारखी लख्ख." उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, भांडी राखेनेच घासतात, चष्माही तसाच घासला, जिवापाड जपून घासला. फायबरच्या काचेवर राख म्हणजे सँडपेपर. यात त्या बाईचं काय चुकलं सांगा. आम्ही चष्मा दिला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. पाण्याने धुवायचा आणि मऊ सुती कपड्याने पुसायचा, पदराने कोरडा घासायचा नाही, काचेवर पालथा ठेवायचा नाही, हे दोन मिनिटांचं बोलणं तिच्या आईशी कोणीच केलं नाही. मी पण नाही.

बापाने तर फडात चष्मा घालूच दिला नव्हता. काच फुटून डोळ्यात जाईल म्हणाला. खरं तर फडातच डोळ्याला काहीतरी आडोसा असलेला बरा. उसाचं पान कसं असतं ते माहिताय ना, कडेला करवतीसारखं. पाचटात खेळणाऱ्या लेकरांच्या बुबुळाला ते निसटतं लागतं, आई पदराची फुंकर घालते, काम थांबवता येत नाही, दोन-तीन दिवस जातात. पालापाचोळ्याच्या जखमेत बुरशी शिरते आणि मग बुबुळावर पांढरं येतं, आमच्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. फूल! एवढं देखणं नाव आणि त्या जागेतून पुन्हा स्वच्छ दिसत नाही. बुबुळाला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर, मध नाही, दूध नाही, कसला रस नाही, हे मी आता ट्रक निघायच्या आधीच्या पालक सभेत सांगते. ऐकतात लोक. पण फडावरून दवाखाना किती लांब, आणि खाडा झाला तर मुकादम काय बोलतो, हे त्यांना माहीत आणि मला नाही, त्यामुळे फार जोरात बोलायचा मला अधिकार वाटत नाही.

मेडिकलवरून परस्पर आणलेले ड्रॉप हा अजून एक विषय. उन्हाळा लागला की काही मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात, चोळून चोळून पापण्या सुजतात, अॅलर्जी असते ती, दरवर्षी येते. कुणीतरी एक ड्रॉप देतं, दुसऱ्या दिवशी डोळा पांढराशुभ्र, सगळे खूश. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. मग तीच बाटली दर उन्हाळ्यात, महिना महिना, भावंडांनाही तीच. डॉक्टरांच्या नजरेखाली ते औषध कामाचंच आहे, पण असं मनाने वर्षानुवर्षं टाकलं तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, कोवळ्या वयात मोतीबिंदू होतो. 2023 च्या पावसाळ्यात डोळे यायची साथ आली होती, आळंदीच्या शाळांपासून बातम्या सुरू झाल्या आणि बघता बघता राज्यभर पसरली, तेव्हा तर आमच्या गावात एकच बाटली तीन घरांत फिरली. ती साथ विषाणूची, बहुतेकांना आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होणारी, पण एका बाटलीचं टोक सगळ्यांच्या पापण्यांना लागलं की अजून काय होणार.

सगळं वाईटच चाललंय असंही नाही. माझी आई सांगते, तिचा धाकटा भाऊ दिवेलागणीला तिच्या परकराचं टोक धरून चालायचा, दिसायचंच नाही त्याला संध्याकाळी. रातांधळेपणा. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकही मूल तसं बघितलं नाही. नवव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस पाजतात, चमच्याने, ते पिवळं औषध, त्याचं आणि गोवराच्या लसीचं हे काम आहे आणि दारोदार जाणाऱ्या आशाताई, अंगणवाडीताईंचं. खुपऱ्यांचं, म्हणजे पापण्यांच्या आत दाणे येऊन नजर घालवणाऱ्या रोगाचं (ट्रॅकोमा), तसंच. आजीच्या पिढीत घराघरात ऐकू येणारा शब्द, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातली खुपरी सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जाहीर केलं. म्हणजे होतं. ठरवलं तर होतं. म्हणून तर चष्म्यासारख्या साध्या गोष्टीसाठी लेकरू वर्षानुवर्षं मागे पडतं तेव्हा जीव जळतो.

सगळ्यात जास्त सलतो तो एक मुलगा. सरांनी क्रिकेटमध्ये हेरलेला, तो नव्हे, दुसरा. त्याची वही स्वच्छ, फळ्यावरचं झरझर उतरवायचा, मला कधी शंकाच आली नाही. आमच्याकडून तो पाचवीला गेला, आणि अकरा वर्षांचा झाल्यावर एकदा खेळताना त्याच्या उजव्या डोळ्यात धूळ गेली, त्याने तो चोळत मिटला आणि ओरडला, मला दिसंना झालं! धुळीने काही झालं नव्हतं. त्याचा डावा डोळा लहानपणापासूनच कमजोर होता, उजवा चांगला म्हणून सगळं निभत होतं. एका डोळ्याचा नंबर खूप जास्त असला की मेंदू त्या डोळ्याचं धूसर चित्र घेणंच सोडून देतो, आणि मग तो डोळा बघायला शिकतच नाही, आळशी डोळा म्हणतात त्याला. सात-आठ वर्षांच्या आत सापडलं तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढ्यावर बरंच परत मिळतं. नंतर मिळतच नाही असं नाही, पण फार थोडं. या मुलाची तपासणी झाली होती, एका शिबिरात, दुसरीत असताना. घाईघाईत, दोन्ही डोळे उघडे ठेवून. कार्डावर 'नॉर्मल' लिहिलेलं. आणि मी शेजारीच उभी होते, रांग सांभाळत, पोरांना गप्प करत. एकेक डोळा झाकून बघा एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? त्याची आई मला बाजारात भेटली की आजही आधी नमस्कार करते, आणि मला तिथून निघून जावंसं वाटतं.

तिरळ्या डोळ्याचंही असंच होतं बरं का. तिरळं पोर भाग्याचं असतं म्हणून घरात कौतुक चालतं आणि वळलेला डोळा हळूहळू बघणं सोडतो. पहिल्यांदा दिसलं की लगेच न्यायला हवं.

तर आता मी काय करते ते सांगते. व्हरांड्यात फरशीवर ऑइलपेंटने एक आडवी रेघ मारलीय, भिंतीपासून बरोबर 6 मीटरवर. टीमची वाट बघत नाही, कारण टीमचा दौरा कधी कधी डिसेंबरात लागतो आणि तोवर निम्मा वर्ग फडावर. शाळा जूनमध्ये उघडते, जुलैमध्ये मी आणि सर मिळून सगळा पट तपासतो, एकेक डोळा, बोटांनी दाबून नाही, तळहाताचा खोलगा करून झाकायचा, नाहीतर बोटांच्या फटीतून बघतात लबाड. शंका आली की नाव वेगळं काढायचं. तपासायला एका मुलामागे तीन-चार मिनिटं लागतात. नंबर काढायचं काम आमचं नाही, तो दवाखान्यातच निघतो. आम्ही फक्त कोणाला न्यायचं तेवढं ठरवतो.

चष्मा लागलेल्या पोरींच्या घरी मी स्वतः जाते. कारण तिथे दुसराच प्रश्न असतो, सोयरीक कशी जमायची. आठ वर्षांच्या पोरीची. चष्मा लावला की नंबर वाढत जातो असंही ठाम मत असतं, तर मी सांगते की नंबर वाढायचा तो उंचीसारखा पोर वाढतं तसा वाढतो, चष्मा घातला म्हणून नाही, आणि न घातल्याने थांबतही नाही. काही आया ऐकतात. एकीने चष्मा शाळेत ठेवायची परवानगी दिली, घरी आणू नको म्हणाली. ठीक आहे, कपाटात एक खण केलाय त्यासाठी, रोज सकाळी ती पोर येते, खण उघडते.

आपली निळ्या फ्रेमवाली आता पाचवीत आहे, शेजारच्या गावच्या शाळेत, पायी जाते. चौथीचं वर्षभर आजीपाशी राहिली होती, हंगामी वसतिगृहात जेवून, आणि त्या वर्षी ती काय शिकली ते बघितलं की मागे पडलेल्यांच्या यादीतलं तिचं नाव मला लोकांना काढून दाखवावंसं वाटतं. मध्ये तिच्या घरी गेले होते. आजी गोधडीच शिवत होती. पोरीने चष्मा कपाळावर सरकवला, सुई नाकाशी घेतली, दोरा ओवून दिला, चष्मा परत खाली ओढला आणि अभ्यासाला बसली. आजीने सुई हातात धरून ठेवली जरा वेळ. मग म्हणाली, म्याडम, तुमच्या जीपमध्ये माझ्यासारखीला जागा हाय का?

येत्या शनिवारी सहा मुलं न्यायचीत ग्रामीण रुग्णालयात. हिचाही नंबर पुन्हा काढायचाय, दोन वर्षं होत आली, नक्की वाढला असणार, पुढचं बाक पुरत नाहीये असं तिच्या नव्या सरांनी फोनवर सांगितलं. जीपवाल्याशी बोलणं झालंय. सहा पोरं, दोन बाप, मी आणि आजी. सकाळी साडेआठला मारुतीच्या पारापाशी.